महाकाय माशाची नोंद ठेवणारे प्रेटर

जगातील सर्वांत मोठा मासा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्हेल शार्कला भारतात कायद्याचे संरक्षण मिळाले ते २००१ मध्ये. त्याच्या साठ वर्षे आधी, १९४१ मध्ये, मुंबईतील एका निसर्ग-अभ्यासकाने भारतीय किनाऱ्यावर आढळलेल्या व्हेल शार्कविषयीचा आपला लेख ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. स्टॅन्ले हेन्री प्रेटर हे त्या अभ्यासकाचे नाव.

प्रेटर यांचे नाव आजही घेतले जाते ते प्रामुख्याने त्यांच्या ‘द बुक ऑफ इंडियन अ‍ॅनिमल्स’ या ग्रंथामुळे. भारतातील सस्तन प्राण्यांची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांच्या कित्येक पिढ्या या ग्रंथावर वाढल्या. राज्यघटनेच्या अभ्यासकांना ते घटना समितीतील अँग्लो-इंडियन समाजाचे एक प्रतिनिधी म्हणून ठाऊक असतात. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील निसर्गविज्ञान विभागाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. या साऱ्या कामगिरीच्या तुलनेत एका माशावरचा लेख ही लहान बाब वाटेल. परंतु ज्या प्राण्याची कोठे नोंदच नाही, त्याच्या रक्षणाचा विचारही कोणी करत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या लेखाचे मोल कळते.

निलगिरीतून मुंबईत

प्रेटर यांचा जन्म १२ मार्च १८९० रोजी दक्षिण भारतातील निलगिरीच्या डोंगराळ प्रदेशात झाला. वडील कॉफीचे मळेवाले होते. घनदाट शोला वने आणि त्यांना लागून असलेली गवताळ पठारे, असा हा मुलूख. रानगवे, सांबर, निलगिरी ताहर यांचे ते माहेरघर. शिक्षणासाठी मात्र त्यांना मुंबईत यावे लागले. जेझुइट धर्मगुरूंनी चालविलेल्या सेंट मेरीज शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि १९०७ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत दाखल झाले. पुढील चाळीस वर्षे त्यांनी या संस्थेतच काढली.

ही संस्था १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील आठ नागरिकांनी स्थापन केली होती. त्या आठ जणांत दोन मराठी डॉक्टर होते, ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. त्यांपैकी एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. संस्थेचे कामकाज हर्बर्ट फिप्सन यांच्या मद्यविक्रीच्या पेढीच्या जागेत चालत असे. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. देशभरातील वनाधिकारी, लष्करी अधिकारी, डॉक्टर, चहा-कॉफीचे मळेवाले, शिकारी अशी नाना प्रकारची माणसे आपापल्या परिसरात दिसलेल्या प्राण्या-पक्ष्यांची माहिती लिहून पाठवीत आणि ती या नियतकालिकात छापली जाई.

प्रेटर संस्थेत आले त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १९०८ मध्ये, बारा वर्षांचा एक मुलगा हाती मेलेली चिमणी घेऊन संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे आला होता. चिमणीच्या कंठावरचा पिवळा ठिपका पाहून ती कोणत्या जातीची, हे त्याला विचारायचे होते. हाच मुलगा पुढे डॉ. सालिम अली म्हणून जगाला परिचित झाला. प्रेटर आणि सालिम अली यांची जडणघडण अशी एकाच वास्तूत, एकाच काळात झाली.

१९११ मध्ये मिलार्ड यांच्या पुढाकाराने संस्थेने भारतातील सस्तन प्राण्यांच्या पाहणीचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पुढे दशकभराहून अधिक काळ चाललेल्या या पाहणीत पंचवीस हजारांहून अधिक नमुने गोळा झाले. तरुण प्रेटर या कामात सहभागी होते. कातडी, कवट्या, मोजमापे, सापडल्याचे ठिकाण आणि दिनांक यांच्या चिठ्ठ्या, असे हे काम. बाहेरून पाहणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटेल. पण कोणता प्राणी देशाच्या कोणत्या भागात आढळतो, याचे पहिले भरवशाचे चित्र या चिठ्ठ्यांमधूनच उभे राहिले. पुढे प्रेटर यांनी जे जे लिहिले, त्याचा पाया येथे घातला गेला.

संग्रहालयाची उभारणी

मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ मध्ये जनतेसाठी खुले झाले. त्याच्या निसर्गविज्ञान विभागासाठी सोसायटीचा संग्रह उपलब्ध करून देण्यात आला. या सुमारास प्रेटर यांच्याकडे सोसायटीच्या क्युरेटरपदाची सूत्रे आली होती. त्यामुळे या विभागाची मांडणी ही त्यांची जबाबदारी ठरली.

तोपर्यंत संग्रहालयातील प्राणी म्हणजे पेंढा भरून काचेच्या कपाटात ओळीने उभी केलेली कलेवरे, अशीच रीत होती. युरोप-अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांनी मात्र प्राण्याला त्याच्या मूळ परिसरासह दाखविणारे देखावे उभारण्यास प्रारंभ केला होता. प्रेटर यांनी १९२० च्या दशकात परदेशी जाऊन हे तंत्र अभ्यासले आणि मुंबईत त्याचा अवलंब केला. झाडे, गवत, खडक, पाणवठा यांच्या पार्श्वभूमीवर प्राणी आपल्या स्वाभाविक अवस्थेत उभा दिसावा, अशी ही मांडणी होती. ज्यांनी कधी जंगल पाहिले नव्हते, अशा लाखो शहरवासीयांना रानाचे पहिले दर्शन घडले ते येथे.

संस्थेच्या नियतकालिकाच्या संपादनाचे कामही प्रेटर यांच्याकडे होते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारी टिपणे, पत्रे, छायाचित्रे त्यांच्या हाताखालून जात. त्यांतील कोणते टिपण विश्वासार्ह, कोणते ऐकीव, कोणत्या दोन नोंदी एकमेकींना पूरक, हे पारखणे हे संपादकाचे काम. समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेल्या किंवा कोळ्यांच्या जाळ्यात अडकलेल्या एखाद्या प्रचंड माशाची बातमी अशा टेबलावर येऊन पडली, तर ती वाया जाणार नाही, अशी ही व्यवस्था होती.

केपटाऊनची पहिली ओळख

व्हेल शार्कची शास्त्राला झालेली पहिली ओळख भारतातली नव्हे. एप्रिल १८२८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनजवळच्या टेबल बे या उपसागरात मच्छीमारांनी अंगभर पांढरे ठिपके असलेला एक अनोळखी मासा हार्पूनने मारला. तो सुमारे १५ फूट लांबीचा होता. तेथील संग्रहालयाचे प्रमुख आणि ब्रिटिश सैन्यातील शल्यचिकित्सक अँड्र्यू स्मिथ यांनी त्याचे वर्णन केले. माशाचे कातडे पॅरिसच्या संग्रहालयाने विकत घेतले. हेच स्मिथ पुढे ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय विभागाचे महासंचालक झाले आणि क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांच्या हालांबद्दल त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला.

स्मिथ यांनी दिलेले नाव छापताना अक्षरांची गफलत झाली. त्यानंतर त्यांच्याच लेखनात ते वेगवेगळ्या प्रकारे लिहिले गेले. त्यामुळे दीडशे वर्षे या माशाच्या शास्त्रीय नावाचे लेखन निरनिराळे होत राहिले. अखेर १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने ‘ऱ्हिन्कोडॉन टायपस’ हे रूप निश्चित केले. प्रेटर यांच्या लेखात जुने रूप आढळते, त्याचे कारण हे.

नावाचा घोळ होण्याइतका हा मासा दुर्मीळ मानला जात असे. पहिल्या नोंदीनंतर दीड शतक उलटले, तरी १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साऱ्या जगातून त्याच्या जेमतेम तीनशेहून थोड्या अधिक नोंदी शास्त्रीय वाङ्‌मयात जमा झाल्या होत्या. अमेरिकेतील ई. डब्ल्यू. गजर या मत्स्यशास्त्रज्ञाने आयुष्याची अनेक वर्षे केवळ या नोंदी जमविण्यात घालविली. भारतात १८८९ मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावर आलेल्या अशा एका माशाची नोंद तेथील संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी केली होती. त्यानंतरच्या अर्धशतकात अशी तुरळक माहिती इतस्ततः विखुरलेली होती. १९४१ मधील प्रेटर यांच्या लेखाने भारतीय किनाऱ्यावरील व्हेल शार्क हा स्वतंत्र विषय म्हणून अभ्यासकांपुढे आला. पुढील काळात या माशावर लिहिणाऱ्या भारतीय मत्स्यशास्त्रज्ञांच्या संदर्भांत हा लेख सातत्याने येतो.

लेखाचा काळही लक्षात घेण्याजोगा आहे. दुसरे महायुद्ध सुरू होते. युरोपातून येणारे कॉडलिव्हर तेल दुर्मीळ झाले होते आणि ‘अ’ जीवनसत्त्वासाठी भारतीय किनाऱ्यावरील शार्कच्या यकृतातील तेलाकडे सरकारचे लक्ष वळले होते. शार्क म्हणजे मुशी किंवा मोरी, ती पकडायची, खायची, तिचे तेल काढायचे, एवढाच बहुतेकांचा तिच्याशी संबंध. अशा काळात एका शार्ककडे केवळ एक सजीव म्हणून पाहणारे लेखन हे तसे वेगळेच होते.

देवमासा नव्हे, मासाच

व्हेल शार्क या नावामुळे अनेकांचा गैरसमज होतो. व्हेल, म्हणजे देवमासा, हा हवेतून श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. व्हेल शार्क हा कल्ल्यांनी श्वास घेणारा, हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला खराखुरा मासा आहे. देवमाशासारखे अवाढव्य शरीर आणि पाणी गाळून खाण्याची तशीच रीत यांमुळे त्याला हे नाव मिळाले.

त्याची लांबी सामान्यतः ८ ते १२ मीटरपर्यंत असते. अरबी समुद्रातून १८.८ मीटर लांबीच्या माशाचीही नोंद आहे. मुंबईच्या बेस्टच्या बसपेक्षा दीडपट लांब जीव डोळ्यांपुढे आणला, म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. एवढे धूड असूनही त्याचा आहार अतिशय सूक्ष्म असतो. समुद्रात तरंगणारे प्लवक, कोळंबीसारखे बारीक जीव, माशांची अंडी आणि लहान मासे हे त्याचे अन्न. रुंद जबडा उघडून तो पाणी आत घेतो, कल्ल्यांजवळच्या गाळणीतून ते बाहेर सोडतो आणि आत उरलेले गिळतो. त्याच्या तोंडात सुमारे तीन हजार दात असतात, पण ते इतके बारीक असतात की चावण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

त्याच्या पाठीवरील पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक माशागणिक वेगळी असते. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखाच तिचा उपयोग होतो. आकाशातील तारकासमूह ओळखण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी वापरलेली गणिती पद्धत २००५ पासून या ठिपक्यांना लागू करण्यात आली आणि छायाचित्रावरून एकेक मासा ओळखणे शक्य झाले. उष्ण आणि समशीतोष्ण महासागरांत तो हजारो किलोमीटरचा प्रवास करतो. बहुतेक वेळ पृष्ठभागाजवळ राहणारा हा मासा प्रसंगी १९०० मीटरहून अधिक खोल बुडी मारतो, असे उपग्रहाशी जोडलेल्या यंत्रांवरून दिसून आले.

त्याच्या प्रजननाविषयी प्रेटर यांच्या काळी निश्चित असे काहीच माहीत नव्हते. १९५३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात एक मोठे अंडे सापडले, तेव्हा हा मासा अंडी घालतो, असे अनेकांना वाटले. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या १०.६ मीटर लांबीच्या मादीच्या पोटात सुमारे तीनशे भ्रूण आढळले आणि या प्रश्नाचे उत्तर मिळाले. अंडी मादीच्या पोटातच उबतात आणि साधारण अर्धा मीटर लांबीची पिले जन्माला येतात. मात्र एवढी पिले असूनही त्यांतील फारच थोडी जगत असावीत. शिवाय हा मासा वयात येण्यास पंचवीस-तीस वर्षे लागतात, असा अंदाज आहे. शीतयुद्धातील अणुचाचण्यांमुळे समुद्रात उतरलेल्या कार्बनचा माग त्याच्या मणक्यांत काढून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तो किमान पन्नास वर्षे जगतो.

संरक्षणाचा प्रश्न येथेच निर्माण होतो. बांगडा किंवा तारली यांची संख्या एखाद्या हंगामात घटली, तर ती काही वर्षांत भरून निघू शकते. उशिरा वयात येणाऱ्या माशाचे तसे नाही. एका दशकात मारलेल्या माद्यांची उणीव पुढची पिढी संपेपर्यंत भरून निघत नाही.

विधिमंडळ, घटना समिती आणि ग्रंथ

प्रेटर यांचे सार्वजनिक जीवन केवळ संग्रहालयापुरते मर्यादित नव्हते. मुंबईतील अँग्लो-इंडियन समाजाचे ते पुढारी होते. मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी या समाजाचे प्रतिनिधित्व केले आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर स्थापन झालेल्या घटना समितीतही ते सदस्य होते. ब्रिटिश सत्ता जात असताना या लहानशा समाजाच्या भवितव्याचा प्रश्न बिकट होता. नोकऱ्या, शिक्षण आणि राजकीय प्रतिनिधित्व यांविषयी त्याला चिंता होती. फ्रँक अँथनी यांच्यासह प्रेटर यांच्यावर ती मांडण्याची जबाबदारी होती.

दुसरीकडे, १९३० च्या दशकापासून ते भारतातील वन्य प्राणी आणि त्यांच्या रक्षणाचा प्रश्न या विषयावर नियतकालिकात लेखमाला लिहीत होते. शिकारीला प्रतिष्ठा असलेल्या त्या काळात, शिकारी सभासदांचीच संख्या मोठी असलेल्या संस्थेतून, प्राणी राखले पाहिजेत हा विचार मांडणे सोपे नव्हते. या लेखनातूनच पुढे ‘द बुक ऑफ इंडियन अ‍ॅनिमल्स’ आकाराला आला. १९४८ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राण्याचे स्वरूप, आढळ आणि सवयी अशा ठरावीक क्रमाने, साध्या पण डौलदार इंग्रजीत लिहिलेला हा ग्रंथ पुढे सुधारित आवृत्त्यांसह अनेक वेळा छापला गेला.

स्वातंत्र्याच्या सुमारास प्रेटर निवृत्त झाले आणि इंग्लंडला गेले. ज्या संस्थेत सतराव्या वर्षी प्रवेश केला, ती त्यांनी सत्तावन्नाव्या वर्षी सोडली. १२ ऑक्टोबर १९६० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. भारतातील वन्यजीवांचा आधुनिक कायदा पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

कायद्याच्या यादीबाहेरचा जीव

प्रेटर यांच्या हयातीत लागू असलेला १९१२ चा कायदा काही पक्षी आणि मोजक्या सस्तन प्राण्यांपुरता होता. तत्कालीन मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. राज्यघटनेने वन्य प्राणी आणि पक्ष्यांचे रक्षण हा विषय प्रारंभी राज्यांच्या सूचीत ठेवला होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आला आणि त्याच दुरुस्तीने वन्यजीवांचे रक्षण हे राज्याचे धोरण व नागरिकाचे कर्तव्य ठरले. तत्पूर्वी १९७२ मध्ये केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. वाघ, सिंह, माळढोक, मगर यांना त्यात स्थान मिळाले. मासे मात्र त्याच्या कक्षेत नव्हते. मासा म्हणजे उत्पादन, वन्यजीव नव्हे, हीच सर्वसाधारण समजूत होती.

या समजुतीची किंमत व्हेल शार्कने मोजली. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर, वेरावळ, मांगरोळ, पोरबंदर परिसरात, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हे मासे मोठ्या संख्येने येतात. मच्छीमार पूर्वी त्यांच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावण्यासाठी वापरीत. त्यासाठी मोजकेच मासे मारले जात. १९९० च्या दशकात तैवान आदी देशांतून मांसाला मागणी आली आणि शिकारीचे स्वरूप पालटले. माशाला मोठ्या आकड्यांनी पकडून, तो बुडू नये म्हणून त्याला रिकामी पिंपे बांधली जात. यावरूनच तेथे त्याला ‘बॅरल’ असे नाव पडले होते. माहितीपटकार माईक पांडे यांनी २००० मध्ये ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटातून ही कत्तल जगापुढे आणली.

मे २००१ मध्ये केंद्र सरकारने व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत केला. असे संरक्षण मिळालेला तो देशातील पहिला मासा. वाघाला जो दर्जा, तोच आता त्याला मिळाला. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने सर्वच शार्क आणि पाकट जातींना यादीत घातले. मात्र मच्छीमारांच्या तीव्र विरोधानंतर डिसेंबरमध्ये ती यादी मोजक्या जातींपुरती कमी करण्यात आली. व्हेल शार्क मात्र यादीत कायम राहिला. २००२ मध्ये वन्यजीव व्यापारविषयक ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्या व्यापारावर निर्बंध आणले. तो प्रस्ताव मांडणाऱ्यांत भारत होता. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याला संकटग्रस्त जातींत समाविष्ट केले.

‘बॅरल’ची झाली ‘व्हाली’

कायदा झाला, तरी समुद्रात पोलीस उभा करता येत नाही. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचे वन खाते आणि टाटा केमिकल्स यांनी सौराष्ट्रात लोकजागृतीची मोहीम हाती घेतली. रामकथाकार मोरारीबापू तिच्याशी जोडले गेले. हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, ही कल्पना त्यांनी गावोगावी रुजविली. ‘बॅरल’ हे नाव मागे पडले आणि ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, हे नाव रूढ झाले. जे मच्छीमार माशावर आकडा चालवीत, तेच जाळे कापून त्याला मोकळे करू लागले.

या परिवर्तनामागे केवळ भावना नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. जाळे हे मच्छीमाराचे भांडवल असते. ते कापले तर हंगामाचे गणित कोलमडते. म्हणून गुजरात सरकारने फाटलेल्या जाळ्याची भरपाई देण्यास प्रारंभ केला. सुटका केल्याचे छायाचित्र काढून पाठवायचे आणि भरपाई घ्यायची, अशी ही सोपी पद्धत होती. यातून शेकडो मासे वाचले.

महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये हाच मार्ग पत्करला. जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव जाळे कापून सोडल्यास मच्छीमाराला कमाल २५ हजार रुपये देण्याची योजना राज्याने आणली. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती राबवितात. मुशी-मोरीच्या बाजारावर पोट असलेल्या कोकणातील कोळी समाजाला यामुळे एक सन्मान्य पर्याय मिळाला. मोठ्या यांत्रिक नौकांच्या जाळ्यांची किंमत पाहता ही रक्कम अपुरी पडते, हेही खरे.

विंचूरला समुद्र दूर, प्रश्न जवळचा

निफाड तालुक्यातील विंचूर हे विंचूरकर सरदारांचे गाव. आज ते कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. समुद्र येथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरवर. येथील रहिवाशाला व्हेल शार्कचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु गोदाकाठच्या उसाच्या फडांत दडलेला बिबट्या येथील शेतकऱ्याला चांगलाच परिचित आहे. बिबट्याही त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने गोठ्यातील वासरू नेले, तर शेतकऱ्याला पंचनामा करून भरपाई मागावी लागते. ती वेळेवर मिळाली तर बिबट्याविषयीचा राग आवरता येतो. ती रखडली, तर विषाची बाटली आणि फासे बाहेर निघण्याचा धोका असतो. मच्छीमाराचे जाळे आणि शेतकऱ्याचे वासरू यांत तत्त्वतः फरक नाही. ज्या जीवाचे रक्षण अवघ्या समाजाला हवे आहे, त्याचा भार एकट्या गरिबाने का सोसावा, हा दोन्ही ठिकाणचा प्रश्न एकच आहे.

येथून जवळच असलेले नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. पाणपक्ष्यांची वर्षानुवर्षे झालेली गणना आणि टिपणे जमेस नसती, तर एका जुन्या बंधाऱ्याच्या फुगवट्याला जागतिक मान्यता मिळणे कठीण होते. येवला तालुक्यातील ममदापूरचे काळवीट असोत वा निफाडचे पक्षी, आधी कोणीतरी ते पाहून लिहून ठेवावे लागते. मग त्यावर शासनाचा कागद निघतो.

प्रेटर यांच्या कार्याचे महत्त्व या क्रमात आहे. त्यांनी व्हेल शार्क वाचविला, असे म्हणता येणार नाही. तो वाचविण्याचा विचार रुजायला आणखी सहा दशके जावी लागली. त्यांच्या ग्रंथातही माशांना जागा नव्हती, कारण तो सस्तन प्राण्यांचा ग्रंथ होता. पण किनाऱ्यावर येऊन पडलेल्या एका अनोळखी जीवाची दखल घेण्याची, त्याची माहिती जमवून छापण्याची शिस्त त्यांनी आणि त्यांच्या संस्थेने जपली. २००१ मध्ये व्हेल शार्कचे नाव कायद्याच्या यादीत गेले, तेव्हा भारतीय समुद्रातील त्याच्या वावराचा लेखी पुरावा अर्धशतकाहून जुना होता.

आज मोबाइलमधील कॅमेरा प्रत्येक नौकेवर आहे. जाळ्यातून सुटलेल्या माशाच्या पाठीवरील ठिपक्यांचे एक स्पष्ट छायाचित्र, ठिकाण आणि दिनांक एवढे नीट जपून ठेवले, तरी तोच मासा पुढील वर्षी परतला का, हे अभ्यासकांना सांगता येईल. ज्या कामासाठी प्रेटर यांना देशभरच्या पत्रांची वाट पाहावी लागे, ते आता मालवण, हर्णै वा सातपाटीचा मच्छीमार स्वतः करू शकतो. भरपाईच्या अर्जासोबत आलेली अशी छायाचित्रे केवळ सरकारी दप्तरात पडून न राहता अभ्यासकांपर्यंत पोहोचावीत, एवढी व्यवस्था शासनाने करावयास हवी.